आरोग्य-निधीच्या पुरस्कर्त्यांस उत्तर

रत्नागिरीसारख्या जिल्ह्याच्या गावी निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या शिक्षकाने, बंदर खात्यातून किंवा वीज मंडळातून मोकळ्या झालेल्या कारकुनाने, अथवा लागोपाठ दोन बरे हंगाम पदरात पडलेल्या बागायतदाराने आपली शिल्लक कोठे ठेवावी, हा प्रश्न पूर्वी फारसा कोणाला पडत नसे. पोस्ट, पतपेढी आणि सोनार यांपलीकडे त्याची मजल जात नसे. आता मुंबईस नोकरीला असलेल्या मुलाने वडिलांच्या नावे डीमॅट खाते उघडून दिले आहे, मोबाईलवर रोजचे भाव दिसू लागले आहेत, आणि त्याबरोबर सल्लागारांचाही एक नवा वर्ग उदयास आला आहे. आरोग्यक्षेत्राच्या ईटीएफमध्ये, म्हणजे औषध-कंपन्या व रुग्णालये यांचे समभाग निर्देशांकाबरहुकूम एकत्र करून बांधलेल्या आणि बाजारात एखाद्या समभागाप्रमाणेच विकल्या जाणाऱ्या निधीत, निःशंकपणे पैसे घालावेत, कारण रोगराई कधी संपत नाही, माणसे म्हातारी व्हावयाची थांबत नाहीत, औषधावाचून कोणाचे चालत नाही, आणि वृद्धास तर हा निधी म्हणजे स्वतःच्या आजारपणाची आगाऊ तरतूदच होय, असा उपदेश हा वर्ग अलीकडे मोठ्या आत्मविश्वासाने करू लागला आहे. ऐकणाऱ्याला तो चटकन पटतो, आणि म्हणूनच त्याचा परामर्श सविस्तर घेणे अगत्याचे आहे.

प्रारंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. शेअर बाजार म्हणजे जुगाराचा अड्डा आणि ईटीएफ म्हणजे त्याचे नवे सोंग, अशी आमची समजूत नाही. भारतात या पद्धतीचा पहिला निधी, निफ्टी बीज, बेंचमार्क म्युच्युअल फंडाने २००१ च्या अखेरीस काढला आणि २००२ च्या जानेवारीत त्याची राष्ट्रीय शेअर बाजारात नोंदणी झाली. तेव्हापासूनचा इतिहास पाहता या साधनाचे गुण नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. व्यवस्थापकाच्या लहरीला त्यात वाव नाही, खर्च अल्प आहे, आणि निधीने नेमके काय घेऊन ठेवले आहे याचा तपशील कोणालाही पाहता येतो. ज्यांच्या कपाटात युनिट ट्रस्टच्या यूएस-६४ योजनेची प्रमाणपत्रे होती, आणि जुलै २००१ मध्ये त्या योजनेची खरेदी-विक्री तहकूब झाल्यावर ज्यांना प्रथमच उमगले की आपला पैसा कोठे गुंतला आहे हे आपण कधी विचारलेच नव्हते, त्यांना या उघड हिशेबाचे मोल निराळे सांगावयास नको. साधनाशी आमचे भांडण नाही. ज्या युक्तिवादाच्या बळावर ते विकले जाते, तो युक्तिवाद आम्ही मुळापासून चुकीचा मानतो.

आरोग्याची गरज अखंड आहे, हे कोण नाकारील? परंतु अखंड गरजेतून अखंड नफा निपजतो, आणि अखंड नफ्यामुळे समभागाचा भावही अखंड चढतो, या पुढच्या दोन पायऱ्या आमचे प्रतिपक्षी इतक्या चपळाईने चढून जातात की त्यांखाली काही आधार आहे की नाही हे पाहण्याची उसंत श्रोत्यास मिळतच नाही. त्यांनी औषध-कंपन्यांच्या निफ्टी फार्मा निर्देशांकाचा पूर्वेतिहास एकवार उलगडून पाहावा. एप्रिल २०१५ मध्ये हा निर्देशांक चौदा हजारांच्या घरात होता; २०२० च्या जानेवारीत, म्हणजे महासाथीचे सावट पडण्यापूर्वीच, तो आठ हजारांच्या आसपास घुटमळत होता; आणि त्याच वर्षीच्या मार्चमधील घसरणीत तर तो २०१५ च्या उच्चांकाच्या निम्म्याखाली गेला. सर्व धंद्यांचा मिळून बनलेला निफ्टी-५० मात्र त्याच काळात, एप्रिल २०१५ पासून जानेवारी २०२० पर्यंत, सुमारे साडेआठ हजारांवरून बारा हजारांपलीकडे पोहोचला होता. या पावणेपाच वर्षांत भारतात कोणास मधुमेह जडला नाही काय? रक्तदाबाच्या गोळ्या लोकांनी सोडून दिल्या होत्या काय? गरज वाढतच होती, औषधे खपतच होती, आणि तरीही ज्याने "रोगराई कायमची आहे" एवढ्याच भरवशावर २०१५ मध्ये पैसे घातले, त्याचे मुद्दल पाच वर्षांनी जवळजवळ अर्धे उरले होते.

असे का झाले, याची कारणे गूढ नाहीत. भारताने २०२३-२४ या वर्षी सुमारे २७.९ अब्ज डॉलरची औषधे निर्यात केली आणि त्यांतील जवळजवळ तिसरा हिस्सा एकट्या अमेरिकेस गेला. म्हणजे निर्देशांकातील मोठ्या कंपन्यांचे भवितव्य रत्नागिरीच्या केमिस्टापेक्षा अमेरिकेतील घाऊक खरेदीदारावर अधिक अवलंबून आहे. तेथे पेटंट संपलेल्या औषधांची खरेदी गेल्या दशकात तीन मोठ्या गटांच्या हाती एकवटली; बाजारातील सुमारे नव्वद टक्के माल हे तिघे उचलतात, आणि एकच गोळी दहा कारखाने बनवू शकत असल्यामुळे हे तिघे म्हणतील तो भाव कारखानदारास मुकाट्याने पत्करावा लागतो. त्यातच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचे निरीक्षक. रॅनबॅक्सी या औषध-कंपनीने २०१३ मध्ये तेथील न्यायालयात गुन्हा कबूल करून पन्नास कोटी डॉलर भरले. सन फार्माने ती कंपनी २०१५ मध्ये आपल्यात विलीन करून घेतली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात सनच्या स्वतःच्या हालोल येथील कारखान्यास ताकीदपत्र आले. एका कारखान्यावर आलेल्या अशा एका पत्राने कित्येक नव्या औषधांची परवानगी अडून राहते. आजाऱ्याची गरज तसूभरही कमी होत नाही. नफा मात्र कमी होतो.

खरे म्हणजे हा धडा रत्नागिरीकरास बाहेरून कोणी शिकवावा लागू नये. हापूसला मागणी नाही असे एकही वर्ष कोणाच्या स्मरणात नसेल. २०१८ मध्ये त्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. वाशीच्या बाजारात पहिल्या पेटीच्या भावाच्या बातम्या वर्तमानपत्रे चौकटीत छापतात. म्हणून काय प्रत्येक बागायतदार श्रीमंत झाला? मोहोर अवकाळी पावसात गळतो, फुलकिडे फवारणीस दाद देत नाहीत, कर्नाटकाचा आंबा हापूसच्या नावाने विकला जातो, आणि भाव ठरवणारा अडत्या बागेपासून शेकडो मैलांवर बसलेला असतो. मागणी शाश्वत असूनही कर्जमाफीची निवेदने दरवर्षी जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत जातातच. जो मनुष्य आपल्या बागेविषयी हे सर्व जाणतो, तोच औषध-कंपन्यांविषयी मात्र "मागणी आहे ना, मग नफा आहेच" हे वाक्य प्रमाण मानून चालतो, याचे आम्हांस राहून राहून आश्चर्य वाटते.

औषधांच्या धंद्यात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आंब्याच्या बाबतीत नाही. आंबा महाग झाला तर सरकार स्वस्थ बसू शकते. औषध महाग झाले तर तसे बसता येत नाही आणि बसूही नये. जी वस्तू जितकी अपरिहार्य, तितका तिच्या किमतीवर लोकशाही सरकारचा हात पडण्याचा संभव अधिक. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने हृदयवाहिनीत बसवण्याच्या स्टेंटच्या कमाल किमती ठरवून दिल्या: साध्या स्टेंटला ७,२६० रुपये आणि औषधयुक्त स्टेंटला २९,६०० रुपये. तोवर लाख-सव्वा लाखाला बसवल्या जाणाऱ्या या वस्तूच्या किमतीत रुग्णालयांचा नफा किती असे, हे प्राधिकरणानेच तत्पूर्वी जाहीर केले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांची पाळी आली. नागरिक म्हणून आम्ही या दोन्ही निर्णयांचे स्वागतच करतो. परंतु प्रतिपक्ष ज्या अपरिहार्यतेस नफ्याची हमी समजतो, तीच अपरिहार्यता नफ्यावरील मर्यादेचे कारण ठरते, हे त्याने ध्यानी घ्यावयास नको काय? भारतास "जगाची औषधशाळा" म्हणून मिरवताना आमचे सल्लागार बंधू एक गोष्ट हटकून विसरतात: ही कीर्ती आपल्याला स्वस्ताईने मिळवून दिली आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावरील मक्तेदारी नाकारली म्हणून येथे कारखाने उभे राहिले. आणि सिप्लाने २००१ मध्ये एड्सवरील तीन औषधांचा वर्षाचा पुरवठा साडेतीनशे डॉलरला, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी दरात, देऊ केला, तेव्हा ती स्वस्ताई जगाच्या डोळ्यांत भरली. या धंद्याचा सर्वोच्च क्षण नफ्याचा नव्हता.

येथे प्रतिपक्ष आपले हुकमी पान टाकील. तो म्हणेल, २०२० मध्ये हाच निर्देशांक एका वर्षात साठ टक्क्यांच्या आसपास वाढला. मार्च २०२३ मध्ये बारा हजारांच्या आसपास असलेला आकडा २०२४ च्या उत्तरार्धात तेवीस हजारांच्या आसपास गेला. मग धीर धरणाऱ्यास लाभ झाला की नाही? झाला, आणि तो लपवण्याचे आम्हांस कारण नाही. परंतु तो कोणास झाला, हे पाहिले पाहिजे. आरोग्यक्षेत्राचे जे ईटीएफ आज आपल्यापुढे मांडले जातात, त्यांपैकी आयसीआयसीआय प्रुडेन्शियल, ॲक्सिस, निप्पॉन आणि आदित्य बिर्ला यांचे निधी सगळेच्या सगळे २०२१ मध्ये, म्हणजे २०२० ची मोठी भरती येऊन गेल्यावर, बाजारात आले. २०१५ ते २०२० या पडत्या काळात, जेव्हा माल स्वस्त होता, तेव्हा ईटीएफचे दुकान मांडावे असे कोणास वाटले नाही; लोकांच्या मनात लस, ऑक्सिजन आणि रेमडेसिव्हिर यांखेरीज दुसरा विषय नव्हता तेव्हा ते मांडले गेले. आणि मांडल्यानंतर दीड-दोन वर्षे निर्देशांक उतरतच राहिला. हा केवळ आपल्याकडचा योगायोग नव्हे. अमेरिकेत इट्झाक बेन-डेव्हिड व त्यांचे सहकारी यांनी तेथील विशिष्ट क्षेत्रांच्या व कल्पनांच्या ईटीएफचा अभ्यास केला, तेव्हा असे निधी त्या त्या विषयाचा बोलबाला शिगेस पोहोचल्यावरच निघतात आणि जोखमीचा हिशेब धरता पुढील पाच वर्षे वर्षास सुमारे सहा टक्के मागे पडतात, असे आढळून आले. जे दोन वर्षे कळ काढून २०२४ पर्यंत टिकले त्यांना लाभ झाला, पण तो "रोगराई कायम आहे" या सिद्धांतामुळे नव्हे. रोगराई तर २०१५ मध्येही होतीच. भाव काय होता, यामुळे झाला. आणि भावाविषयी हा सिद्धांत अवाक्षरही बोलत नाही.

"एका कंपनीत पैसा अडकत नाही, वीस कंपन्यांत वाटला जातो" हा दावा त्या मानाने सौम्य आहे. तो थोडक्यात निकालात काढता येईल. निफ्टी फार्मा काय किंवा निफ्टी हेल्थकेअर काय, नावे वीस असली तरी सन फार्मा, सिप्ला, दिवीज, डॉ. रेड्डीज अशा पहिल्या पाचांतच निम्म्याच्या आसपास भार असतो. बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या २०१९ च्या नियमांनी क्षेत्रीय निर्देशांकात एकाच समभागाला पस्तीस टक्क्यांपर्यंत मोकळीक ठेवली आहे. शिवाय ज्याच्याजवळ साधा निफ्टी-५० चा निधी आहे, त्याच्याजवळ सन, सिप्ला, डॉ. रेड्डीज, अपोलो आणि २०२५ पासून मॅक्स, हे आधीच आहेत. आमच्या जिल्ह्याचा औषधधंद्याशी जो प्रत्यक्ष संबंध आहे तो खेड तालुक्यातील लोटे-परशुराम वसाहतीमुळे. तेथे कारखाना असलेल्या सुप्रिया लाइफसायन्सचा समभाग डिसेंबर २०२१ मध्ये २७४ रुपयांना विक्रीस आला, नोंदणीच्या दिवशी चारशेपलीकडे गेला, २०२३ च्या आरंभी निर्गम किमतीच्याही खाली उतरला आणि पुढे पुन्हा कितीतरी वर चढला. असल्या लहान कंपन्यांना या निर्देशांकांत स्थान नाही. 

आता त्या युक्तिवादाकडे वळू, जो सर्वांत भुरळ पाडणारा असल्यामुळे सर्वांत घातक आहे. "तुम्ही म्हातारे झालात, उद्या इस्पितळाचे बिल येणारच; त्या बिलातून ज्यांना नफा होतो त्यांचेच भागीदार व्हा, म्हणजे एका हाताने गेले ते दुसऱ्या हाताने परत येईल." ऐकावयास किती सुबक! हिशेब करून पाहू. हृदयावरील शस्त्रक्रियेस आज चार लाख रुपये लागतात असे उदाहरणादाखल धरा, आणि निवृत्त शिक्षकाने या निधीत पाच लाख घातले आहेत असेही धरा. वैद्यकीय खर्च वर्षात दहा टक्क्यांनी वाढला आणि प्रतिपक्षाच्या म्हणण्याप्रमाणे निधीही नेमका तितकाच वाढला, तर शिक्षकास पन्नास हजार मिळाले आणि शस्त्रक्रिया चाळीस हजारांनी महाग झाली. झालेली वाढ भरून निघाली, हे कबूल. पण मूळचे चार लाख? ते त्याला आपल्या मुद्दलातूनच द्यावयाचे आहेत. निधी विकूनच द्यावयाचे आहेत. कारण त्याच्यापुढचे खरे संकट "सर्वांचा वैद्यकीय खर्च वाढेल" हे नसून "शंभरांतून मलाच झटका येईल" हे आहे, आणि या दुसऱ्या संकटाशी सन फार्माच्या भावाचा काडीइतका संबंध नाही. या संकटावर मनुष्यजातीला सुचलेला एकच तोडगा आहे: अनेक निरोगी माणसांच्या हप्त्यांतून एका आजाऱ्याचे बिल भागवणे. त्यास विमा म्हणतात, आणि ईटीएफ त्याची जागा घेऊ शकत नाही.

बरे, निधी तितकाच वाढेल, ही सवलत तरी आम्ही का द्यावी? रत्नागिरीचा रुग्ण कोठे जातो? जिल्हा रुग्णालयात, जेथे २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. चिपळूण तालुक्यात डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात, जे एका धर्मादाय न्यासाचे आहे. किंवा आंबा घाट चढून कोल्हापुरास, अथवा मिरजेस, जेथे डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचे इस्पितळ उभारले. मनोरुग्ण असेल तर १८८६ पासून चालत आलेल्या सरकारी मनोरुग्णालयात. यांपैकी एकाही संस्थेचा समभाग बाजारात नाही. आपले बिल ज्यांच्याकडे भरावयाचे ते या निर्देशांकात नाहीत, आणि निर्देशांकात जे आहेत त्यांचा नफा न्यू जर्सीच्या गोदामात किंवा दिल्ली-चेन्नईच्या महागड्या खाटांवर ठरतो. आणि वेळेचे काय? ज्या मार्चमध्ये सर्व देश एकाच वेळी आजाराच्या छायेत आला, त्याच मार्च २०२० मध्ये हा निर्देशांक कित्येक वर्षांच्या नीचांकावर होता. ज्याला त्या आठवड्यात पैसे लागले, त्याला "पुढच्या नऊ महिन्यांत भाव दुपटीच्या आसपास जाईल" हे सांत्वन इस्पितळाच्या खिडकीवर वटवता आले नसते.

विमा कंपन्यांची टाळाटाळ, म्हातारपणी वाढत जाणारे हप्ते, "पूर्वीपासूनचा आजार" या सबबीवर नाकारलेले दावे, हे आम्हांस ठाऊक नाही असे नाही. तरीही आधी विमा आणि मग गुंतवणूक, हा क्रम बदलत नाही. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरील जीएसटी रद्द झाला आहे. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकास, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतखाली कुटुंबामागे पाच लाखांचे संरक्षण आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची मर्यादाही पाच लाखांपर्यंत नेण्यात आली आहे. आपले कार्ड निघाले आहे की नाही, आणि जवळचे अंगीकृत रुग्णालय कोणते, याची चौकशी ज्याने केलेली नाही त्याला आरोग्यक्षेत्राचा समभाग-निधी सुचवणाऱ्या सल्लागाराविषयी काय म्हणावे, हे वाचकांनीच ठरवावे. त्यानंतर वर्षभराचा घरखर्च बँकेत किंवा पोस्टात, हवा तेव्हा हाती येईल असा. त्याहूनही जे उरेल आणि दहा वर्षे लागणार नाही, ते खुशाल सर्व धंद्यांच्या व्यापक निर्देशांकात घालावे. आरोग्यक्षेत्राचा वाटा त्यात आपोआप येतो.

ज्यांनी हे ईटीएफ आधीच घेतले आहेत, त्यांनी आमचा लेख वाचून घाबरून विकावयास धावू नये. वर्षाच्या आत विकल्यास नफ्यावर वीस टक्के कर आहे, वर्षानंतर सव्वा लाखावरील नफ्यावर साडेबारा टक्के. विकावयाचेच असेल तर भावाची मर्यादा घालून विकावे. क्षेत्रीय ईटीएफची उलाढाल पुष्कळदा इतकी तुटपुंजी असते की घाईने दिलेला हुकूम निधीच्या खऱ्या मूल्यापेक्षा कमी भावात निकालात निघतो. एकूण शिलकीच्या अल्प भागापलीकडे हा निधी नसेल, तर तो तसाच राहू द्यावयास हरकत नाही.

आणि सल्लागार बंधूंस एक विनंती. आपल्या माहितीपत्रकांत २०२० नंतरच्या चढत्या रेषेचे चित्र आपण छापता, ते छापावे. परंतु त्याच कागदावर, त्याच आकारात, एप्रिल २०१५ ते मार्च २०२० या पाच वर्षांचा तक्ताही छापावा, आणि तो निवृत्त माणसापुढे सहीपूर्वी ठेवावा. तो पाहिल्यावरही ज्यास हा निधी घ्यावासा वाटेल, त्याने अवश्य घ्यावा. त्याच्याशी आमचा वाद नाही.